वगळलेल्या यंत्रांची यादी

चेन्नईत बॅकअपचा विषय निघाला की बोलणे २०१५ च्या पुरावर येते. १ डिसेंबरच्या पावसानंतर छापखान्यात कामगारच पोहोचू शकले नाहीत आणि १८७८ पासून निघणारे 'द हिंदू' दुसऱ्या दिवशी येथे छापले गेले नाही. साहजिकच बैठकीत पहिला प्रश्न असतो : दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्या प्रतीत काय नाही, हे क्वचितच विचारले जाते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे शासकीय माहिती केंद्राला आग लागली आणि ७०९ यंत्रणा बंद पडल्या. अन्य बऱ्याच यंत्रणांच्या प्रती शिल्लक होत्या. जळून गेला तो 'जी-ड्राइव्ह', सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटचा साठा. आकार फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. सर्वाधिक फटका बसला तो, सर्व कागद तेथेच ठेवावेत असा नियम करणाऱ्या मनुष्यबळ खात्याला!

वगळणे हा मुळात गुन्हा नव्हे. एका सर्व्हरवर आभासी यंत्रे पन्नास असली, तर त्यांतील चाचणीची, तात्पुरती, किंवा ज्यांच्या डेटाबेसची प्रत स्वतंत्रपणे घेतली जाते अशी यंत्रे रोज रात्री उचलण्यात जागा आणि वेळ दोन्ही वाया जातात. प्रश्न आहे तो पद्धतीचा. निवडक यंत्रेच घ्यायची ठरवली तर नवे यंत्र गुपचूप बाहेर राहते. त्यामुळे सर्व घ्यावीत आणि नावानिशी वगळावीत, हे मला अधिक सुरक्षित वाटते. नावातील अक्षरांवरून आपोआप वगळण्याचा नियम मात्र नको.

याचा अनुभव मी एका कार्यालयात घेतला आहे. नावात 'टेस्ट' असलेली सर्व यंत्रे वगळावीत असा नियम तेथे होता. निवृत्तिवेतनाच्या अर्जांसाठी चाचणीपुरते उभारलेले एक यंत्र लोकांना आवडले, कामाला लागले, आणि नाव तेच राहिले. डिस्क गेली तेव्हा रोजचे अहवाल हिरवेगार होते. अहवालात वगळलेल्या यंत्रांचा रकानाच नव्हता. कागदी अर्ज जपलेले होते म्हणून तीन आठवडे बसून नोंदी पुन्हा केल्या. त्या कारकुनांपुढे आम्ही तांत्रिक मंडळी मान वर करू शकलो नाही.

आपल्याकडील सहा गठ्ठा पद्धत वाचकांना आठवत असेल. नष्ट करावयाच्या कागदांचाही त्यात वेगळा गठ्ठा असतो, आणि 'ड' वर्गातला कागद झाला तरी तो वर्गीकरण केल्यावाचून, मुदत संपल्यावाचून रद्दीत जात नाही. सर्व्हरच्या खोलीत मात्र एका चौकोनात खूण केली की यंत्र कायमचे वगळले जाते. ना टिपणी, ना मुदत, ना सही. आणि सही असलीच तर कंत्राटदाराच्या अभियंत्याची, ज्याला त्या यंत्रात कोणाचे निवृत्तिवेतन आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता मी वगळण्याच्या प्रत्येक प्रस्तावावर यंत्राचे नाव, कारण, त्यातील माहिती गेल्यास ती कोठून उभी करणार आणि सहा महिन्यांपलीकडे नसलेली फेरतपासणीची तारीख मागतो. सही विभागप्रमुखाची. मागील फेरीत एकतीस नावांची यादी गेली होती. सह्या होऊन परत आली तेव्हा तीत अकरा नावे होती.