पंप आला, पण विहीर कोणाची?

चाकणच्या कारखान्यांत यंत्रे अष्टौप्रहर फिरतात. त्याच खेड तालुक्यातील कुणब्याने मात्र कांदा भिजविण्यास रात्रीच्या विजेमागे विंचूकाट्यात वर्षानुवर्षे धावावे! सरकारने 2024 साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना काढली. किमतीचा दहावा, अनुसूचित जातीजमातींनी विसावा हिस्सा भरावा. मग धूर नाही, बिल नाही. योजना चांगली, हे आम्ही मोकळेपणी म्हणतो. पण विहीर सामाईक असेल तर भाऊबंदांची संमती हवी, आणि पाणीच नसेल तर पंपही नाही. जोतीरावांनी 1883 सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणाड्यांकडून शेतोशेतीचे झरे शोधवा असे सरकारास बजावले, ते उगीच नव्हे. बांधवांनो, भाऊबंदकीने वकिलाचे घर भरते. पाण्याच्या पाळ्या ठरवा आणि संमतीवर सह्या-अंगठे करा. सरकारनेही बिनविहिरीच्या गरिबास पंपाआधी विहीर द्यावी.