घोडी अडली तर...

वडोदऱ्यात रिक्षावाल्याला 'काळा घोडा' म्हटलं की पुरे. स्टेशनपासून जवळच सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याचं हे नाव. आपल्याकडे बेळगावात 'चन्नम्मा सर्कल' म्हणतात तसंच. माझी भाची दांडिया बाजारात राहते. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. आमच्या घरात मराठी आणि कानडी, त्यामुळे तिच्याकडे मला परकं वाटत नाही.

तिची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि वर्षभर घोडेस्वारी शिकते आहे. या खेपेस मला म्हणाली, "मावशीआजी, उद्या सकाळी चल. आता आम्हाला उड्या शिकवतात."

गेले. एक तांबूस घोडी, समोर आडवा दांडा, फार तर माझ्या गुडघ्याइतका उंच. घोडी दौडत आली आणि दांड्याशी थबकली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा थबकली. शिकवणारे गृहस्थ तिकडून ओरडले, "छडी लगाव! आज जिद्द मोडली नाही तर रोज अडेल!" पोरीनं छडी उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली घेतली. मग ती उतरलीच. मोतद्दार म्हातारा होता. त्यानं काही न बोलता घोडीच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला आणि पोरीचा हात धरून तिथं ठेवला. पाय गरम लागत होता.

गृहस्थ वाईट नव्हते. घोड्याला एकदा नकाराची सवय लागली की ती लवकर जात नाही, हे खरंच आहे. पण नकार कशासाठी आहे हे आधी बघायला नको का?

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, चिक्कोडीकडचे. त्यांच्याकडे घोडी होती. एकदा बाजाराहून येताना ओढ्याला पाणी चढलेलं, घोडी काठाशी उभी राहिली ती हलेना. आजोबा परत फिरले आणि रात्रभर देवळात झोपले. घरचे हसले तर म्हणाले, "कुदरीगि गोत्तैति." घोड्याला ठाऊक असतं. आईनं ही गोष्ट आम्हाला इतक्यांदा सांगितली की शेवटी आम्हीही हसायचो.

वडोदऱ्यात त्या सकाळी मला आणखी एक गोष्ट आठवली. ती कोल्हापूरची आहे, पण तिचं नातं या गावाशी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या राणीसाहेब लक्ष्मीबाई या वडोदऱ्याच्या खानविलकरांच्या कन्या. 1891 साली लग्न झालं. त्यांच्या थोरल्या मुलाचं, राजाराम महाराजांचं लग्न 1918 मध्ये सयाजीरावांच्या नातीशी, वडोदऱ्यालाच झालं. त्याच वर्षी जून महिन्यात धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि गेले. विशीही गाठली नव्हती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अकरा वर्षांच्या. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता शाहू महाराजांनी या विधवा सुनेला शिकवलं. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं केवढं काम केलं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. ती गोष्ट आपण सांगतो आणि सांगावीच. अपघात मात्र एका ओळीत आटपतो: 'शिकारीत घोड्यावरून पडून.'

त्या दिवशी नेमकं काय झालं, हा माझा विषय नाही. अशा शिकारीची रीतच मला विचारात पाडते. भाला घेऊन भरधाव घोड्यावरून डुकराचा पाठलाग करायचा. वाट कोण निवडतं? डुक्कर! ते जीव घेऊन पळतं, ओढ्यात, काट्यात, बांधावरून, पडक्या विहिरीच्या काठानं. स्वाराचे डोळे डुकरावर असतात, जमिनीकडे बघायचं काम एकट्या घोड्यावर पडतं. साहेबाच्या देशातली खोकडाची शिकारही अशीच. कुत्री पुढे, मागे पन्नास घोडे, आणि मध्ये येईल ते कुंपण, भिंत, चर ओलांडायचा. पुढच्यानं मारली म्हणून मागच्यानं उडी मारायची. झुडपात तार दडलेली असली तर संपलंच. इंग्रजांनी आपल्या उटीला कोल्ह्यांमागे हेच केलं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचं त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. उडी घेण्याच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेआड गेलेला असतो. आधी पाहिलेलं ध्यानात ठेवून तो उडतो. अशा वेळी लगाम खेचून मान बांधून टाकली तर तो अंदाज तरी कशाचा घेणार? तांबडा-नारिंगी आणि हिरवा हे रंगही त्याला आपल्यासारखे वेगळे दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवर वर्षानुवर्षं नारिंगी पट्ट्या होत्या. त्या माणसांना ठळक दिसायच्या! घोड्यांना नीट दिसावं म्हणून तिथं 2022 पासून पांढरा रंग आणायला सुरुवात झाली.

सर्वांत वाईट म्हणजे न पडणारा अडथळा. मैदानातला दांडा उथळ वाटीत ठेवलेला असतो, खूर लागला की पडतो. भिंत किंवा ओंडका हलत नाही. त्याला घोड्याचे पुढचे पाय अडले की मागचं धूड वरून उलटतं, आणि पाचशे किलोचा घोडा स्वारावर येतो. 1999 मध्ये ब्रिटनमध्ये रानावनातून दौडण्याच्या स्पर्धांत पाच स्वार गेले. त्यानंतर बराच विचार झाला, आणि अशा काही अडथळ्यांत जोराचा धक्का बसला की तुटणाऱ्या खुंट्या आल्या. आता स्वार पडला की स्पर्धा तिथंच संपते. घोडा ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा अडला, तरीही बाद. पंच आणि पशुवैद्य आधी घोडा चालवून बघतात, लंगडतोय का ते. आपल्या बेंगळुरूच्या फवाद मिर्झानं 2018 च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं ते याच प्रकारात.

घोडा थांबला की सगळं सुखरूप, असंही नाही हं. 'सुपरमॅन' झालेला ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये असाच पडला. घोडा अडथळ्याशी थांबला, स्वार पुढे गेला आणि मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. म्हणून तर नकार शेवटच्या ढांगेला कळून उपयोगाचा नाही. पाय गरम आहे का, जमीन कडक आहे का, घोडा कालपासून वैरण कमी खातोय का, हे खोगीर चढवण्याआधी बघायचं.

झाशीच्या राणीचा नवा घोडा ओढ्याशी अडला म्हणून घात झाला, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. हकिकती वेगवेगळ्या आहेत, पण घोड्याला बोल लावणारीच आपल्या तोंडी राहिली. चेतकानं नाला ओलांडला आणि प्राण सोडला, त्याचे पोवाडे. अडलेल्या घोड्याला काय दिसलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली. इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार 2005 पासून बंद आहे. आता उड्या उरल्या त्या मैदानात, आणि तिथं दांडा कुठं ठेवायचा ते माणूस ठरवतो. पोरीच्या बापाला वाटत होतं, हे सगळं बंदच करावं. भाची म्हणाली, "करू दे, पण हेल्मेट आणि अंगातलं जाड जाकीट घातल्याशिवाय नाही." मला कुणी विचारलं नाही, तरी मी म्हटलं, आधी त्या मोतद्दाराकडून पाय बघायला शीक.

मी निघाले तेव्हा घोडीला आठ दिवसांची सुटी मिळाली होती. गेल्या रविवारी पोरीचा फोन आला. उडी झाली का, असं मी विचारलं. "नाही गं," ती म्हणाली, "आज नुसतं दांड्याभोवती फिरवलं. तिनं वास घेतला त्याचा."