उदास सून आणि दह्याची वाटी

घरांतील सून अलीकडे उदास असते, विसरते, हातापायांस मुंग्या येतात म्हणते. आणि घरचीं माणसें तिच्या स्वभावास बोल लावतात. आम्हांस मात्र प्रथम तिचें ताट पाहावेसें वाटतें. १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलेलें ‘बी-१२’ हें जीवनसत्त्व वरणभातांत नाहीं, भाजींतहि नाहीं. शाकाहारी घरांत तें मुख्यतः दूधदह्यांतून मिळतें. तें उणें पडलें म्हणजे मज्जातंतूंबरोबर मनहि खचूं शकतें. आणि दूध मुलांस, दहीं पुरुषांस वाढून झाल्यावर शेवटच्या पंगतीस उरतें तें पाणचट ताक! प्रत्येक औदासीन्याचें मूळ ताटांत असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रक्त तपासल्यानें ही उणीव कळते, व ती भरून काढण्यास गोळ्या-इंजेक्शनें आहेत. तपासणी होईपर्यंत स्वभावाचा निवाडा राखून ठेवावा, एवढीच वडीलधाऱ्यांस विनंती.