तिऱ्हाईत आणि तोतया

व्हिडिओ गेमसारखा विषय महाविद्यालयाच्या अंकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु ज्या वस्तूवर विद्यार्थ्यांचे साठवलेले हजार-दोन हजार रुपये खर्च होतात आणि जी तासन् तास हातात धरली जाते, तिच्या गुणदोषांचा विचार वाणिज्याच्या विद्यार्थ्याने करायचा नाही तर कोणी करायचा?

खेळताना जो कंट्रोलर हातात धरतात त्याला आमच्या बुऱ्हाणपुरात कोणी ‘रिमोट’ म्हणते, कोणी ‘जॉयस्टिक’. दुकानात त्याच्या दोनच जाती सांगतात. यंत्र ज्या कंपनीचे, तिनेच केलेला तो ‘ओरिजिनल’; बाकी साऱ्या जगाने केलेला तो ‘लोकल’. ही वाटणीच मुळात चुकीची आहे, असे माझे मत आहे. तिच्यामुळे ग्राहक फसतो, आणि प्रामाणिकपणे चांगला माल करणाराही मागे पडतो.

बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागाचा धोटा माग बनवणाऱ्या कारखान्याचाच हवा, असा हट्ट येथे कोणी धरत नाही. धोटा दुसऱ्याने केला म्हणून त्याला कोणी खोटाही म्हणत नाही. तो सरळ पळतो का आणि सूत तोडत तर नाही ना, एवढेच पाहतात. मग हीच कसोटी कंट्रोलरला का लावू नये?

‘ओरिजिनल’ म्हणजे उत्तम, हा समज इतिहासानेच खोटा ठरवला आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ साली एक्सबॉक्स आणला, तेव्हाचा तिचा स्वतःचा कंट्रोलर फारच बोजड होता; ‘ड्यूक’ या टोपणनावाने तो ओळखला जातो. २००२ मध्ये जपानसाठी लहान आकाराचा करावा लागला आणि पुढे तोच इतरत्रही रूढ झाला. निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राच्या (२०१७) जॉय-कॉनची काडी हात न लावताही आपोआप सरकू लागली, अशा तक्रारींचा पाऊस पडला. २०१९ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त केली.

हा दोष का उद्भवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक कंट्रोलरांत अंगठ्याखालच्या काडीला कार्बनच्या पट्टीवर घासणारा एक स्पर्शक असतो. घासून घासून पट्टी झिजते आणि यंत्राला भास होतो की काडी हलली. यावर उपाय म्हणजे लोहचुंबक आणि त्याचे क्षेत्र ओळखणारा ‘हॉल’ संवेदक. यात घासण्याचा प्रश्नच नाही. सेगाने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ही रचना वापरली होती. पुढे मोठ्या कंपन्यांना तिचा विसर पडला. सोनीने २०२० मध्ये आणलेल्या ड्युअलसेन्समध्येही घासणारीच रचना होती, आणि भारतात तो आला तेव्हा किंमत होती ५,९९० रुपये. चुंबकाची रचना पुन्हा बाजारात रुजवली ती गुलीकिट, एटबिटडू यांसारख्या चिनी तिऱ्हाईत कंपन्यांनी. म्हणजे ज्यांना आपण ‘लोकल’ म्हणून नाक मुरडतो, त्यांनीच मूळ मालकांना धडा दिला!

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त कंट्रोलर चांगला असतो, असा मुळीच नाही. दोन कवचे जिथे जुळतात ती कड बोटाला टोचते. मागचे खटके इतके ताठ असतात की अर्ध्या तासात तर्जनी दुखू लागते. रबराचा मुलामा आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिकट होतो. दिशादर्शक फुली डावीकडे दाबावी तर खेळाडू वरही उडी मारतो. वजन कमी म्हणजे हाताला सुख, असेही नाही. पोकळ, हलका कंट्रोलर घट्ट आवळून धरावा लागतो आणि मनगट लवकर थकते. हे दोष खोक्यावरच्या चित्रात दिसत नाहीत. ते हातालाच कळतात.

म्हणून मला दोनच्या जागी तीन जाती कराव्याशा वाटतात: मूळ, तिऱ्हाईत आणि तोतया. तिऱ्हाईत स्वतःच्या नावाने उभा राहतो. आपल्या देशातले रेडगिअर, कॉस्मिक बाइट किंवा अ‍ॅमकेटचे इव्होफॉक्स हे या जातीचे. माल बिघडला तर नाव त्यांचे जाते, म्हणून त्यांना सुधारणे भाग पडते. तोतया मात्र दुसऱ्याच्या नावावर जगतो. पेशवाईत भाऊसाहेबांचा तोतया निघाला तो भाऊसाहेबांच्या नावावर. त्याला स्वतःचे नाव सांगून चालण्यासारखे नव्हतेच! सोनीचे चिन्ह छापलेला, पण खोक्यावर ना आयात करणाऱ्याचा पत्ता ना महिना-साल, असा कंट्रोलर माझ्या एका मित्राच्या गळ्यात पडला. दोन महिन्यांत काडी सरकू लागली. दुकानदार म्हणाला, “भैया, चायना का माल है, इसकी गारंटी नहीं होती.” विकताना मात्र तो ‘ओरिजिनल’ होता.

अशा बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले. खरेदीदाराला चांगले-वाईट ओळखता आले नाही, की तो सगळ्यालाच मध्यम भाव देऊ लागतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही आणि तो बाजारातून उठतो. उरतो तो गाळ. ‘सगळे लोकल सारखेच’ हे वाक्य आपण उच्चारतो, तेव्हा या प्रक्रियेला आपणच हातभार लावतो.

यावर मोठ्या कंपन्यांचा उपाय म्हणजे दारच बंद करणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर परवाना नसलेली उपकरणे रोखायला सुरुवात केली. सुरक्षिततेचे कारण काहीही असो, यात तोतयाबरोबर तिऱ्हाईतही भरडला जातो. सुक्याबरोबर ओलेही जळते, त्यातला हा प्रकार. स्पर्धा संपली की किंमत ठरवायला मूळ मालक मोकळा!

आपल्या हाती उपाय आहेत. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-साल, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावाच लागतो. तो नसेल तर वस्तू घेऊ नये. बिल मागावे, त्याविना २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगापुढे आपली बाजू लंगडी पडते. व्हिडिओ गेमची नोंदणी २०१२च्या आदेशाने सक्तीची झाली, पण ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेपुरती. अंगठ्याच्या सुखाची हमी कोणताही शिक्का देत नाही. म्हणून दुकानदारांना माझी विनंती आहे, की प्रत्येक जातीचा एक नग उघडा ठेवा आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटे हाताळू द्या. साडी विकताना तुम्ही घडी मोडताच ना?

खिशात पाच-सहा हजार नसलेल्या मुलालाही चांगली वस्तू मिळण्याचा हक्क आहे. तो हक्क तिऱ्हाईतच पुरवू शकतो. पण त्यासाठी आपण आधी त्याला तोतयापासून वेगळे ओळखायला शिकले पाहिजे.