माफी शेतकऱ्याच्या नावाने, हिशेब बँकेच्या हाती!

यवतमाळच्या कापूस उत्पादकाला सरकारने मदत करावी, हे वादातीत आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या मदतीच्या हिशेबाविषयी. शेतकऱ्याच्या नावाने तिजोरीतून कोट्यवधी रुपये निघतात. ते कोणाच्या पदरात पडले, हे विचारण्याचा अधिकार मात्र शेतकऱ्याला नसतो.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातील ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीचे. ही रक्कम बँकांच्या खतावणीत जिरली. शेतकऱ्याला मिळाली ती नवे कर्ज काढण्याची पात्रता! जोडधंदा म्हणून अनुदानावर महागड्या दुभत्या गाई वाटल्या गेल्या. कोरडवाहू मुलखात त्यांना वैरण-पाणी कोठून आणायचे, हे मंत्रालयाने गावाला विचारले असते, तर उत्तर एका वाक्यात मिळाले असते.

२००८ ची देशव्यापी कर्जमाफी याच वाटेने गेली. याद्या बँकांनी केल्या, त्या बँकांच्याच फलकांवर लागल्या आणि तक्रार ऐकणारा अधिकारीही बँकेनेच नेमला. ज्याला पैसे मिळायचे तोच फिर्यादी, तोच पंच! परिणाम महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात नोंदवला. देशभरात तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत चुका आढळल्या. नऊ राज्यांत लाभ न मिळालेली ९,३३४ खाती तपासली, तेव्हा त्यांतील १,२५७ शेतकरी पात्र असूनही वगळलेले निघाले. कित्येक ठिकाणी कागदपत्रांत खाडाखोड होती. एका खाजगी बँकेने तर सूक्ष्म वित्तसंस्थेला दिलेल्या कर्जापोटी १६४.६० कोटी वसूल केले. हे सारे उघड झाले ते योजनेनंतर पाच वर्षांनी. याला देखरेख म्हणत नाहीत, शवविच्छेदन म्हणतात.

तपासणीत वेळ दवडला तर मदत लांबेल, असा युक्तिवाद केला जातो. गावच्या यादीचे वाचन हे एका दिवसाचे काम आहे. कोणाची जमीन किती, कोण कोणत्या सोसायटीचा थकबाकीदार, हे गावाला तलाठ्याच्या दप्तराआधी ठाऊक असते. राज्य सरकारने २०१७ च्या कर्जमाफीत चावडीवाचन योजले, परंतु ते अर्जदारांच्या याद्यांचे. गावाची नजर शेतकऱ्यावर रोखली गेली. बँकेचा दावा मात्र त्या चावडीवर आलाच नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने मजुराच्या हजेरीपटाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले होते. खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीचा हिशेब गावासमोर मांडायचा आणि बँकांच्या हजारो कोटींचा हिशेब बंद कपाटात ठेवायचा, हा कोणता न्याय?

मागणी साधी आहे. सरकारने बँकेला छदामही देण्यापूर्वी तिचा खातेनिहाय दावा ग्रामसभेत वाचला जावा. त्यावरील हरकतींचा लेखी निकाल लागल्याखेरीज रक्कम अदा होऊ नये. वगळलेल्यांची नावे, कारणांसह, त्याच सभेत जाहीर व्हावीत.

कर्जमाफीसाठी मोर्चे आपण काढले, पुढेही काढू. परंतु घोषणा होताच विजयाचा गुलाल उधळून घरी परतणे यापुढे परवडणारे नाही. माफीची लढाई घोषणेने संपत नाही. खरी लढाई यादीपासून सुरू होते. ती यादी चावडीवर आणणे, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.