सिंहांचं प्रगतिपुस्तक

दोस्तांनो, अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा धसमुसळा खेळ. त्यातला डेट्रॉईट शहराचा ‘लायन्स’ हा संघ बरीच वर्षं नावाचाच सिंह होता. २००८ साली तर १६ पैकी १६ सामने हरला!

२०२१ मध्ये डॅन कॅम्पबेल प्रशिक्षक म्हणून आले. संघाची नव्यानं बांधणी सुरू झाली. पहिल्या ११ सामन्यांत १० पराभव, एक बरोबरी! पण जाणकार चाहते नुसता निकाल पाहत नव्हते. बाल्टिमोरविरुद्धचा सामना गेला तो शेवटच्या क्षणी ६६ यार्डांवरून बसलेल्या किकमुळे, अवघ्या दोन गुणांनी. म्हणजे संघ झुंजत होता! बाराव्या सामन्यात, अगदी शेवटच्या चालीत जेरेड गॉफनं चेंडू फेकला, नवख्या अमॉन-रा सेंट ब्राऊननं तो झेलला आणि पहिला विजय मिळाला. गॉफला जुन्या संघानं अदलाबदलीत देऊन टाकलं होतं. सेंट ब्राऊनचा नंबर लागला होता १११ खेळाडू निवडून झाल्यावर!

२०२२ मध्येही पहिल्या सातांत एकच विजय; पण पुढच्या दहांत आठ! २०२३ मध्ये तीस वर्षांनी गटविजेतेपद. २०२४ मध्ये १७ पैकी १५ विजय, आणि तरीही बाद फेरीत पहिल्याच सामन्यात हार. बांधणी कधी संपत नाही, ती अशी.

तुमचा शाळेचा संघ हरला, तर एवढं जरूर पाहा : मागच्या वेळेपेक्षा किती कमी फरकानं हरलो? कोण सुधारलं? आणि आईबाबा, प्रगतिपुस्तकावर सही करतानाही हेच पाहा बरं का!