मोबाईलचे तास मोजून काय कळणार?

मोबाईलच्या वापराचा अभ्यास म्हटला, की पहिला प्रश्न ठरलेला: दिवसाला किती तास? या एका उत्तरावर पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांची ‘रीलवेडी पोरं’ म्हणून वासलात लावली जाते. मुळात हे उत्तरच कच्चं. ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मधल्या 2021 च्या एकत्रित विश्लेषणात लोकांनी सांगितलेला वापर आणि फोनमधली नोंद यांचा मेळ बेताचाच निघाला. सरकारची 2019 ची वेळ-वापर पाहणी बरीच काटेकोर. तिने पहाटे 4 ते पहाटे 4 असा दिवस धरून अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडले. पण एका खणात अनेक कामं झाली, तर किमान 10 मिनिटं चाललेलीच नोंदायची होती. शिवाय पहाटे 4 वाजता तिसरी पाळी ऐन भरात असते. एकाच रात्रपाळीचे तिथे दोन तुकडे होतात.

आता कामगाराचा फोन पाहा. ठेकेदाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या सेकंडला (दुसऱ्या पाळीला) या’ एवढाच निरोप येतो आणि बस, डबा, झोप सगळं बदलतं. पीएफच्या कामाला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी लागतो. तो नंबर बंद पडला असेल, तर हक्काचे पैसे अडकतात. ही कामं मिनिटाची, म्हणून मोजणीत शून्य. जिथे शॉपफ्लोअरवर मोबाईलला बंदी, तिथे पाळी सुटल्यावर गेटबाहेर सगळ्यांच्या माना खाली दिसणारच. आठ तासांचे निरोप तुंबलेले असतात. रील कुणी पाहत नाही, असं नाही. (साहेबाने पाहिली तर तो ‘रिलॅक्स’ होतो, एवढंच.)

कुणी म्हणेल, मग फोनमधलीच नोंद घ्या. ती ‘व्हॉट्सअ‍ॅप, 40 मिनिटं’ सांगेल. त्यात पाळीचा निरोप किती आणि विनोद किती, हे सांगणार नाही. ते कळायला कामगारांच्या खोल्यांवर जाऊन, त्यांच्यात बसूनच पाहावं लागेल. त्यावरचा आक्षेप मात्र वजनदार आहे: चार खोल्यांत बसून पाहिलेलं साऱ्या पट्ट्याला कसं लागू होईल? त्याला उत्तर अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सनच्या 2007 च्या केरळवरील अभ्यासात आहे. मोबाईल आल्यावर मच्छीमारांचं काय झालं, हे पाहायला त्याने फोनवरचे तास धरले नाहीत. किनाऱ्या-किनाऱ्यावरचे माशांचे भाव मोजले. आकडे भरपूर होते, प्रश्न मात्र धंद्यातून आला होता. चाकणमध्येही आयत्या वेळी बदललेल्या पाळ्या मोजा, ओटीपीपाशी अडकलेले पीएफचे अर्ज मोजा. आणि ही माहिती ठेकेदाराच्या हाती लागणार नाही, हे कामगाराला आधी लेखी द्या.